भरधाव तारे आणि त्यांच्यापुढची आघातकमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरधाव तारा म्हणजे नेमके काय?

आकाशगंगेतील प्रत्येक तारा गतिमान असतो. आपला सूर्यही आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने फिरतो. तरीही त्याला कोणी भरधाव म्हणत नाही, कारण त्याच्या आसपासचे तारे आणि वायूही जवळपास त्याच वेगाने त्याच दिशेने चाललेले असतात. भरधाव तारा तो, जो या सामाईक प्रवाहातून वेगळा, आपल्याच दिशेने वेगात निघालेला असतो. डच खगोलशास्त्रज्ञ आद्रियान ब्लाऊ यांनी १९६१ साली या ताऱ्यांचा एकत्रित विचार मांडला. परिसराच्या तुलनेत सेकंदाला ३० किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेग ही मर्यादा आज रूढ आहे. ही मर्यादा सोयीसाठी आखलेली आहे. सेकंदाला २५ किलोमीटर वेगाच्या ताऱ्याचे भौतिकशास्त्र काही वेगळे नसते.

या पानावर आपण वस्तुमान सूर्याच्या आठपट किंवा त्याहून अधिक असलेल्या ताऱ्यांविषयीच बोलत आहोत. हे तारे निळसर, अतिशय तप्त आणि अल्पायुषी असतात. गाया उपग्रहाच्या मोजमापांवर आधारलेल्या २०२३ च्या एका अभ्यासात, तपासलेल्या ओ वर्गाच्या ताऱ्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश तारे भरधाव निघाले. म्हणजे सर्वांत वजनदार ताऱ्यांमध्ये हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही.

सेकंदाला ३० किलोमीटर हा वेग प्रकाशाच्या वेगाचा दहा हजारावा भाग आहे. त्यामुळे हिशेब सोपा होतो : असा तारा दहा हजार वर्षांत एक प्रकाशवर्ष आणि दहा लाख वर्षांत शंभर प्रकाशवर्षे अंतर कापतो. वजनदार ताऱ्याचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचेच असले, तरी तेवढ्या काळात तो आपल्या जन्मस्थळापासून शेकडो प्रकाशवर्षे दूर जाऊ शकतो.

इतक्या वजनदार ताऱ्याला हा वेग मिळतो कोठून?

याची दोन कारणे मानली जातात आणि दोन्हींसाठी भक्कम पुरावे आहेत.

पहिले कारण ब्लाऊ यांनीच सुचवले. वजनदार तारे बहुधा एकटे नसतात, त्यांना जोडीदार असतो. जोडीतला अधिक वजनदार तारा आधी आयुष्य संपवतो आणि सुपरनोव्हा होऊन फुटतो. स्फोटात त्याचे बरेचसे वस्तुमान क्षणार्धात बाहेर फेकले जाते, दोघांना बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण एकाएकी सैल पडते आणि मागे राहिलेला तारा आपल्या कक्षेतल्या वेगानेच सरळ निघून जातो. गोफण गरगर फिरवताना दोरी सुटली की दगड जसा निघतो, तसेच हे आहे. बहुतेक जोड्या अशा स्फोटात फुटतात, पण काही टिकतातही. वेला एक्स-१ ही टिकलेली जोडी आहे. तिच्यात एक निळा महाराक्षसी तारा आणि एक न्यूट्रॉन तारा (सुपरनोव्हानंतर मागे उरणारा अतिदाट गाभा) सुमारे नऊ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात, आणि ही सगळी जोडीच अवकाशातून वेगाने चालली आहे. १९९७ साली तिच्यापुढे आघातकमान, म्हणजे समोरचा वायू दबून उठलेली कमान, सापडली. स्फोट होऊन गेल्याची खूण असलेला न्यूट्रॉन तारा आणि वेगाची खूण असलेली कमान एकाच ठिकाणी मिळाल्याने पहिल्या कारणाला याहून थेट पुष्टी मिळणे कठीण होते.

दुसरे कारण १९६७ साली मेक्सिकोतील आर्कादिओ पोवेदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. तरुण तारकागुच्छाच्या गाभ्यात तारे दाटीवाटीने असतात. तिथे दोन युग्मतारे (एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या), किंवा एक युग्मतारा आणि एक एकटा तारा, फार जवळून गेले तर गुरुत्वाकर्षणाची ओढाताण होऊन एखादा तारा गुच्छाबाहेर भिरकावला जातो. याचे उत्तम उदाहरण सारथी तारकासमूहातील एई ऑरिगे आणि कपोत तारकासमूहातील म्यू कोलंबे हे दोन तारे आहेत. दोघेही सेकंदाला सुमारे १०० किलोमीटर वेगाने जवळजवळ विरुद्ध दिशांना निघाले आहेत. हिपार्कोस उपग्रहाने मोजलेल्या गतींवरून त्यांचे मार्ग मागे मागे नेले, तेव्हा सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी ते मृग नक्षत्रातील तरुण तारकागुच्छाच्या परिसरात एकत्र होते असे दिसले. आयोटा ओरायनिस हा लांबट कक्षेचा युग्मताराही त्याच घटनेत सामील असावा, असे मानले जाते.

आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघ या छोट्या दीर्घिकेतील आर१३६ हा गुच्छ तर ताऱ्यांचे उगमस्थानच म्हणावा असा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातून बाहेर पडलेले ५५ भरधाव तारे ओळखले गेले, आणि ते दोन वेगवेगळ्या लाटांमध्ये निघाले असल्याचे आढळले. पहिली लाट गुच्छ तयार होत असतानाची, म्हणजे सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीची आहे, तर दुसरी अवघ्या दोन लाख वर्षांपूर्वीची आहे.

ताऱ्यांमधली जागा रिकामी असते ना? मग तारा आदळतो कशावर?

ही शंका अगदी रास्त आहे. आपण श्वास घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये रेणूंची संख्या एकावर एकोणीस शून्ये यापेक्षाही अधिक असते. ताऱ्यांमधल्या जागेत तेवढ्याच आकारमानात सरासरी एखादा अणू असतो, आणि दाट ढगांमध्ये शंभर, हजार किंवा त्याहून अधिक. पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेच्या मापाने ही पोकळीच आहे. यात मुख्यतः हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम, आणि वस्तुमानाने सुमारे एक टक्का धूळ असते.

मात्र इथे अंतरे प्रकाशवर्षांची आहेत आणि काळ हजारो वर्षांचा. एवढ्या विस्तारात हा विरळ वायूही प्रवाही पदार्थासारखा वागतो : त्याला दाब असतो, त्यातून लहरी जातात आणि त्यात ध्वनीचा वेगही असतो. वजनदार ताऱ्याच्या अतिनील किरणांनी तापून आयनीभूत झालेल्या, सुमारे आठ हजार केल्व्हिन तापमानाच्या वायूत हा ध्वनिवेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास असतो. ३० किलोमीटर वेगाने जाणारा तारा त्या वायूच्या दृष्टीने ध्वनीपेक्षा तिप्पट वेगाने येत असतो, आणि पुढचे सारे त्यातून घडते.

आघातकमान कशी तयार होते?

तारा स्वतः वायूवर आदळत नाही, आदळतो तो त्याचा वारा. वजनदार ताऱ्याच्या पृष्ठभागावरून प्रकाशाच्या रेट्यानेच वायू उधळला जात असतो, आणि त्याचा वेग सेकंदाला एक ते तीन हजार किलोमीटर असतो. सूर्याचा वारा या मानाने अगदीच मंद आणि विरळ आहे. तारा स्थिर असता तर हा वारा चारही दिशांना सारखा पसरून भोवती एक गोल बुडबुडा तयार झाला असता. तारा वेगात असल्याने समोरचा वायू त्याच्यावर चालून येतो आणि त्या बाजूचा बुडबुडा दबतो, तर मागच्या बाजूला वारा मोकळा वाहत राहतो.

वारा ताऱ्यापासून जसजसा दूर जातो तसतसा तो पांगतो आणि त्याचा रेटा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. समोरून येणाऱ्या वायूचा रेटा मात्र सर्वत्र सारखाच असतो. जिथे हे दोन रेटे समसमान होतात, तिथे दोघेही थांबतात आणि बाजूंनी मागे वळतात. ती जागा म्हणजे कमानीचा शेंडा. माझ्या मते आघातकमान समजून घेण्याची किल्ली यातच आहे : ही कमान दोन रेट्यांमधला तराजूचा काटा आहे, आणि तो कोठे स्थिरावला हे पाहून दोन्ही पारड्यांत काय आहे ते कळते.

जवळून पाहिले तर ही एकच कमान नसते. बाहेरून आत गेल्यास आधी समोरच्या वायूला बसणारा आघात लागतो. ३० किलोमीटर वेगाच्या धडकेने तो वायू दबतो आणि दहा-बारा हजार अंशांपर्यंत तापतो, पण लवकरच ती उष्णता प्रकाशरूपाने टाकून तो पातळ, दाट थर बनतो. आतल्या बाजूला वाऱ्याला बसणारा आघात असतो. तिथे धडक दीड-दोन हजार किलोमीटर वेगाची असल्याने तापमान काही कोटी अंशांवर जाते, परंतु हा वायू इतका विरळ असतो की तो सहजी थंड होत नाही. या दोन आघातांच्या मधोमध, ताऱ्याचा वायू आणि बाहेरचा वायू यांची हद्द असते. ही हद्द नेहमी गुळगुळीत राहत नाही. दोन्हीकडचे प्रवाह वेगवेगळ्या गतीने घसटत जात असल्याने तिच्यावर वळ्या आणि भोवरे उठतात.

या रचनेचे गणित सोव्हिएत संशोधक बारानोव आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास मांडले, आणि १९९६ साली फ्रान्सिस विल्किन यांनी पातळ कमानीच्या आकाराचे नेटके सूत्र दिले.

थोडे शब्दाविषयी. इंग्रजीतल्या ‘बो शॉक’चे मराठीत ‘धनुष्याघात’ असे भाषांतर कधी कधी वाचायला मिळते. आकार धनुष्यासारखा असल्याने ते चुकीचे वाटत नाही, पण मूळ शब्दातला ‘बो’ म्हणजे नौकेचा पुढचा, पाणी कापणारा भाग. नौकेपुढे उठणाऱ्या लाटेवरून ते नाव आले आहे. म्हणून या पानावर ‘आघातकमान’ हा शब्द वापरला आहे.

कमान ताऱ्यापासून किती अंतरावर असते?

एक नमुन्याचा हिशेब करू. तारा एक कोटी वर्षांत एका सूर्याएवढे वस्तुमान गमावण्याच्या गतीने वारा सोडतो, वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन हजार किलोमीटर आहे, ताऱ्याचा वेग ४० किलोमीटर आहे आणि समोर दर घन सेंटिमीटरला हायड्रोजनचा एक अणू आहे असे समजा. मग कमानीचा शेंडा सुमारे पावणेदोन प्रकाशवर्षांवर येतो. समोरचा वायू शंभरपट दाट झाला तर हे अंतर दहापटीने घटते. ताऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ते निम्मे होते. वारा चौपट जोरकस झाला तर ते दुप्पट होते.

धुळीचे काय होते?

आपल्याला बहुतेक कमानी दिसतात त्या धुळीमुळेच, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

धुळीचा एकच कण घ्या. तो सिलिकेटचा किंवा कार्बनचा असतो आणि त्याचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असतो. हजारो वर्षे तो थंड अंधारात वायूबरोबर तरंगत असतो. मग तारा जवळ येऊ लागतो. कणावर प्रथम पोहोचतो तो ताऱ्याचा प्रकाश. अतिनील किरण कणातून इलेक्ट्रॉन उडवतात, त्यामुळे कण विद्युतभारित होतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या रेषांशी बांधला जातो. प्रकाशाचा दाबही त्याला ताऱ्यापासून दूर ढकलू लागतो. पुढे आघाताची सीमा आली की वायू तिथे एकदम मंदावतो, पण कण वायूच्या अणूंच्या मानाने प्रचंड जड असल्याने आपल्या जडत्वाने पुढेच जातो. वायूचे घर्षण, चुंबकीय क्षेत्राची ओढ आणि प्रकाशाचा दाब अशा तिन्हींच्या कचाट्यात तो हळूहळू अडतो आणि कमानीच्या बाजूने मागे वाहून जातो. मोठे कण अधिक आत घुसतात तर लहान कण वायूबरोबरच वळतात, त्यामुळे कमानीत कणांची आकारानुसार चाळणी होते.

या प्रवासात कणाने शोषलेली अतिनील ऊर्जा तो अवरक्त किरणांच्या रूपाने परत टाकतो. कमानीतल्या धुळीचे तापमान शंभर केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे शून्याखाली सुमारे पावणेदोनशे अंश सेल्सिअस असते, आणि अशी धूळ २० ते ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या पट्ट्यात चांगली उजळते. धूळ आघाताने तापून चमकते हा समज सर्रास आढळतो, तो दुरुस्त करायला हवा. वजनदार ताऱ्याच्या वाऱ्यातली शक्ती त्याच्या प्रकाशाच्या मानाने नगण्य असते, कित्येकदा हजारो पटींनी कमी. आघात धूळ गोळा करून एका रेषेत मांडतो, पण तिला उजळवतो तो ताऱ्याचा प्रकाश.

चित्रांमधले रंग खरे असतात का?

नसतात. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वेगवेगळ्या तरंगलांबींना निळा, हिरवा, लाल असे रंग ठरवून दिले जातात. २४ मायक्रॉनला बहुधा लाल रंग दिला जातो, त्यामुळे कमान लाल दिसते.

प्रत्येक भरधाव ताऱ्यापुढे कमान का दिसत नाही?

ज्ञात भरधाव ताऱ्यांच्या याद्या घेऊन अवरक्त चित्रे तपासली, तेव्हा फार तर दहा-वीस टक्के ताऱ्यांजवळ कमानी सापडल्या. मुख्य कारण परिसर हे आहे. आकाशगंगेचा मोठा भाग जुन्या सुपरनोव्हांनी तापवलेल्या, दहा लाख अंशांच्या विरळ वायूने भरलेला आहे. तिथे ध्वनिवेगच सेकंदाला शंभर किलोमीटरच्या पुढे असतो, त्यामुळे ३०-४० किलोमीटर वेगाच्या ताऱ्यापुढे आघात निर्माणच होत नाही. वायू पुरेसा थंड असला तरी तो विरळ असेल तर कमान ताऱ्यापासून दूर जाते, तिच्यातली धूळ मंद उजळते आणि चित्रात दिसत नाही. शिवाय तारा थेट आपल्या दिशेने येत असेल किंवा आपल्यापासून दूर जात असेल, तर कमान कडेने न दिसता समोरून दिसते आणि ओळखू येत नाही.

उलट, कमान दिसली म्हणजे तारा भरधाव आहे हे नक्की झाले का?

नाही, आणि या विषयात सर्वाधिक घाई याच ठिकाणी होते. तराजूला फक्त सापेक्ष वेग कळतो. तारा वायूकडे धावत असो की वायू ताऱ्याकडे वाहत असो, कमान तशीच दिसते. तारकानिर्मितीच्या प्रदेशांत तप्त वायू ढगाबाहेर उसळून वाहतो आणि वाटेतल्या जवळपास स्थिर ताऱ्यांपुढेही कमानी उठवतो. एम१७ आणि आरसीडब्ल्यू ४९ या तेजोमेघांत अशा कमानी सापडल्या आहेत, आणि तिथे त्यांचे शेंडे प्रवाहाच्या उगमाकडे रोखलेले दिसतात.

त्याहून वेगळा प्रकार अश्वमुख तेजोमेघाजवळच्या सिग्मा ओरायनिस या ताऱ्यापाशी आहे. तिथल्या अवरक्त कमानीत वाऱ्याचा वाटा फारसा नसून येणाऱ्या धुळीला ताऱ्याच्या प्रकाशाचा दाबच थोपवतो, असे २०१४ साली मांडले गेले. म्हणजे इथे वायू पुढे निघून जातो आणि धूळ तेवढी अडते. अशा रचनेला आघात म्हणणेच योग्य नाही, ती धुळीची लाट आहे. २०१६ साली अवरक्त चित्रांमधून ७०९ कमानींची यादी प्रसिद्ध झाली, आणि तिच्या कर्त्यांनी त्यांना ‘उमेदवार’ म्हटले ते याच सावधगिरीतून. कमानीच्या शेंड्याची दिशा आणि ताऱ्याच्या मोजलेल्या गतीची दिशा जुळली, तरच निष्कर्ष पक्का धरावा.

झीटा ऑफियुकीची इतकी चर्चा का होते?

कारण वजनदार भरधाव ताऱ्यांमध्ये तो आपल्या अगदी जवळचा आहे, सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर, आणि त्याची कमान विलक्षण रेखीव आहे. भुजंगधारी तारकासमूहातला हा तारा सूर्याच्या सुमारे वीसपट वजनाचा आहे आणि स्वतःभोवती अतिशय वेगाने, सेकंदाला सुमारे चारशे किलोमीटर अशा गतीने फिरतो. हा गरगर फिरण्याचा वेग त्याच्या भूतकाळाची खूण मानला जातो. जोडीदार फुटण्यापूर्वी त्याने आपला वायू याच्यावर ओतला आणि त्यातून याला हा फिरकीचा वेग मिळाला. जोडीदाराचा स्फोट सुमारे १८ लाख वर्षांपूर्वी झाला असावा आणि त्यातून उरलेला न्यूट्रॉन तारा म्हणजे पीएसआर बी१७०६-१६ हा पल्सार (नियमित स्पंद देणारा न्यूट्रॉन तारा) असावा, असे २०२० सालच्या एका अभ्यासात मांडले गेले.

त्याची कमान १९७९ साली थिओडोर गल आणि सबातिनो सोफिया यांनी दृश्य प्रकाशातच ओळखली होती. पुढे स्पिट्झर दुर्बिणीच्या अवरक्त चित्रांनी ती सर्वांच्या ओळखीची झाली. ताऱ्यापासून कमानीचा शेंडा अर्ध्या प्रकाशवर्षाहून थोडा पुढे आहे.

या ताऱ्याचे खरे महत्त्व त्याने उभ्या केलेल्या अडचणीत आहे. ताऱ्याचा वारा किती वस्तुमान नेतो हे ठरवण्याचे वेगवेगळे मार्ग इथे एकमेकांशी जुळत नाहीत. सिद्धान्तानुसार या ताऱ्याने साधारण ६५ ते ७० लाख वर्षांत एका सूर्याएवढे वस्तुमान गमवावे. अतिनील वर्णपटातल्या रेषांवरून काढलेल्या एका मोजमापानुसार तेवढे वस्तुमान जायला सुमारे ६० कोटी वर्षे लागतील. २०१२ साली ग्वारामाद्झे, लांगर आणि मॅकी यांनी कमानीचाच तराजू वापरला. तारा ज्या मोठ्या आयनीभूत वायूच्या प्रदेशात आहे, त्या शार्पलेस २-२७ च्या विस्तारावरून त्यांनी समोरच्या वायूची घनता काढली, कमानीच्या अंतराशी तिची सांगड घातली आणि उत्तर साडेचार कोटी वर्षे असे आले. हे उत्तर सिद्धान्ताच्या सुमारे सातपट मंद, तरीही वर्णपटावरच्या अंदाजापेक्षा दहापटीहून अधिक जलद आहे.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. वजनदार तारा आयुष्यभरात किती वस्तुमान गमावतो, यावर तो शेवटी न्यूट्रॉन तारा होईल की कृष्णविवर, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. कमानीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. तिच्यात ताऱ्याच्या वेगाचा वर्ग येतो, आणि झीटा ऑफियुकीच्या वेगाचे अंदाज सेकंदाला २५ ते ४० किलोमीटर असे पसरलेले आहेत. तरीही वाऱ्याच्या प्रत्यक्ष रेट्याचे मोजमाप देणारी ही पद्धत मला सर्वांत विश्वासाची वाटते, कारण ती हजारो वर्षांची सरासरी सांगते आणि वाऱ्यातल्या गुठळ्यांमुळे फसत नाही.

काक्षीची कमान वेगळी कशी?

मृग नक्षत्रातला काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. त्याचा वारा निळ्या ताऱ्यांच्या वाऱ्याच्या शंभराव्या भागाइतकाच वेगवान, सेकंदाला सुमारे १५ किलोमीटरचा, पण दाट आणि स्वतःच धूळ वाहून नेणारा आहे. इथे तारा आपल्या वाऱ्यापेक्षा अधिक वेगाने चालला आहे. निळ्या ताऱ्याच्या कमानीत बाहेरची धूळ उजळते, तर काक्षीच्या कमानीत मुख्यतः ताऱ्याची स्वतःची.

अकारी आणि हर्शेल या अवरक्त दुर्बिणींनी तिची उत्तम चित्रे घेतली आहेत. तिच्यात दोन चमत्कारिक गोष्टी आहेत. एक तर तिच्यात साठलेले वस्तुमान अपेक्षेपेक्षा फारच कमी आहे. त्यावरून २०१२ साली ही कमान तीस हजार वर्षांहूनही तरुण असावी आणि तारा तांबडा महाराक्षसी होऊन फार काळ लोटला नसावा, असे अनुमान काढले गेले. दुसरी गोष्ट म्हणजे कमानीच्या पुढे असलेला धुळीचा सरळ पट्टा. तो जर स्वतंत्र ढग असेल, तर कमानीची बाहेरची कड सुमारे पाच हजार वर्षांनी त्यावर आदळेल आणि तारा स्वतः त्यानंतर सुमारे साडेबारा हजार वर्षांनी तिथे पोहोचेल.

तारा खऱ्याखुऱ्या दाट ढगात शिरला तर?

तेच सध्या एई ऑरिगेच्या बाबतीत घडते आहे. तो आज आयसी ४०५ या तेजोमेघात आहे, आणि छायाचित्रात त्या ढगाला पेटवणारा तारा म्हणून तोच दिसतो. पण तो या ढगातला नाही. मृग नक्षत्रातून निघालेला हा पाहुणा वाटेत या ढगाशी गाठ पडल्याने त्याला क्षणकाळ, म्हणजे काही हजार वर्षे, उजळवून पुढे जाईल. त्याच्या प्रकाशात दिसणारे धुळीचे धागे आणि गाठी त्याने घडवलेल्या नाहीत, त्या आधीपासून अंधारात होत्या.

या कमानींमधून क्ष-किरण किंवा रेडिओ लहरी येतात का?

हंस तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या बीडी +४३ ३६५४ या ताऱ्याच्या कमानीतून रेडिओ लहरी येत असल्याचे २०१० साली जाहीर झाले. त्या लहरींचा वर्णपट चुंबकीय क्षेत्रात प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा होता. म्हणजे आघातकमान कणांना प्रवेगही देते. झीटा ऑफियुकीभोवती तप्त वायूच्या बुडबुड्याचे क्ष-किरण चंद्रा दुर्बिणीने टिपल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. ते ताऱ्याच्या निकटच्या भागातून येतात, आणि वाऱ्याचा तप्त थर जसा असायला हवा तसाच तो आहे.

सूर्यापुढे अशी कमान आहे का?

बहुधा नाही. आयबेक्स यानाच्या २०१२ सालच्या मोजमापांनुसार सूर्याचा आसपासच्या वायूसापेक्ष वेग सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर आहे, आणि तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा विचार करता आघात निर्माण होण्यास तो अपुरा पडतो. सूर्यापुढे वायू हळूहळू दबत जाणारी सौम्य लाट असावी. दोन वायूंमधली हद्द मात्र सूर्यालाही आहे. व्हॉयेजर १ यानाने ती ऑगस्ट २०१२ मध्ये, पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२१ पट अंतरावर ओलांडली.

एखादा भरधाव तारा पृथ्वीला धोकादायक ठरू शकतो का?

आज ज्ञात असलेल्या वजनदार भरधाव ताऱ्यांपैकी एकही सूर्यमालेच्या जवळपास नाही.

तारा शेवटी फुटला की कमानीचे काय होते?

सुपरनोव्हाचा वायू सेकंदाला दहा हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने निघतो, म्हणजे एक प्रकाशवर्ष अंतर तो तीसेक वर्षांतच कापतो. पुढच्या बाजूला कमान आड येते आणि मागे ताऱ्याने पोखरून ठेवलेली पोकळ वाट असते. कमान वजनदार असेल तर स्फोटाचे कवच पुढे अडते, मागे लांबवर पसरते आणि लांबोडके होते. काक्षीसारखी हलकी कमान असेल तर ते तिला सहज झाडून नेईल. तारा जन्मगुच्छापासून दूर येऊन फुटल्यामुळे त्याने बनवलेली मूलद्रव्येही तारकानिर्मितीच्या प्रदेशाबाहेर, आकाशगंगेच्या विरळ भागात मिसळतात.

यातले काही साध्या डोळ्यांना दिसते का?

कमान दिसत नाही, पण तारे दिसतात. झीटा ऑफियुकीची प्रत, म्हणजे तेजस्वितेचे माप, २.६ आहे (आकडा जितका लहान तितका तारा ठळक), तेव्हा वृश्चिकेच्या वर, भुजंगधारीत तो सहज सापडतो. त्याच्या आणि आपल्या मध्ये धूळ नसती, तर तो आकाशातल्या ठळक ताऱ्यांमध्ये मोडला असता. म्यू कोलंबे पाचव्या प्रतीचा आहे, म्हणून त्यासाठी काळोखी जागा हवी. एई ऑरिगे सहाव्या प्रतीच्या आसपासचा असल्याने त्याला द्विनेत्री लागते. छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांना हायड्रोजनचा तांबडा प्रकाश टिपणारा फिल्टर आणि दीर्घ एक्सपोजर वापरून आयसी ४०५ मिळतो. झीटा ऑफियुकीभोवतीचा शार्पलेस २-२७ मात्र रुंद भिंगानेच घ्यावा लागतो, कारण तो आकाशात सुमारे दहा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या वीस बिंबांएवढा पसरलेला आहे.